काटा हलला

१

मीटरचा काटा हलला होता.

प्लंबर फाटकाजवळच्या खळग्यात वाकून बघत होता. सकाळी त्यानं मीटरच्या काचेवर, तांबड्या काट्याच्या अगदी टोकाशी, काळ्या मार्करनं रेघ मारली होती. जमिनीखालच्या टाकीकडे जाणारा कॉक बंद केला होता आणि घरमालक अण्णांना बजावलं होतं की मी परत येईपर्यंत कुणी नळाला हात लावायचा नाही. आता काटा रेघ ओलांडून पुढे गेला होता. चांगलं दोनेक बादल्या पाणी कुठंतरी गेलं होतं.

"सापडलं दुखणं," तो स्वतःशीच म्हणाला. गेले कित्येक महिने या घराचं पाण्याचं बिल फुगत चाललं होतं आणि अण्णा घरादाराला धारेवर धरत होते.

घराला वळसा घालून तो मागच्या अंगणात आला. अंगणात एक नळ होता, कोपऱ्यात टाकीचं लोखंडी झाकण, भिंतीला लागून गच्चीवर जाणारा जिना, आणि जिन्याखाली अण्णांची खोली. अण्णा वजनमापं खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. दुकानदारांची खोटी वजनं पकडण्यात उभं आयुष्य गेलेलं. खोलीतल्या फळीवर जुनी लोखंडी वजनं लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं मांडलेली असत आणि दर आठवड्याला ते त्यांच्यावर तेलाचा हात फिरवत. माणसांपेक्षा या वजनांवर त्यांची माया जास्त, असं शेजारीपाजारी म्हणत.

"अण्णा, काटा हलला!" प्लंबर दारातूनच ओरडला.

अण्णा फरशीवर पालथे पडले होते. डोक्याच्या मागची बाजू आत गेली होती. रक्त टेबलाच्या पायापर्यंत पसरून थांबलं होतं.

फौजदार बाई आल्या तेव्हा दुपार झाली होती. ठाण्यात त्यांना सगळे मागून 'चाळणी' म्हणत, कारण त्यांच्या हाताखालून गेलेल्या गोष्टीतले खडे वर राहायचेच. त्यांचा गुडघा दुखत होता, त्यामुळे चेहरा नेहमीपेक्षाही आंबट होता. त्या अण्णांजवळ बसल्या, उठल्या, आणि मग बराच वेळ त्या फळीसमोर उभ्या राहिल्या.

"हवालदार, यातलं एक वजन आजारी आहे," त्या म्हणाल्या.

हवालदारानं मान पुढे काढली. सगळी वजनं तेलानं काळीभोर चकाकत होती. पाच किलोचं तेवढं निस्तेज. त्याच्या कडेला गंजाची कोवळी, तांबूस झाक आली होती.

"लोखंड धुतलं आणि पुसलं नाही की असं होतं. यानंच मारलंय. मग ते धुतलं आणि परत रांगेत, जिथल्या तिथं ठेवलं. म्हणजे त्या माणसाला पाणी लागलं."

दारात उभा असलेला प्लंबर पांढराफटक पडला होता.

"पण मॅडम," तो म्हणाला, "आज या घरात एकही नळ उघडायचा नव्हता."

२

पुढच्या खोलीत घरातली माणसं बसली होती. म्हणजे दोनच. अण्णांची विधवा बहीण, जिला सगळे आत्या म्हणत, खुर्चीत बसून पदरानं डोळे टिपत होती. तिच्या बोटांचे सांधे सुजून वाकडे झाले होते. अण्णांची सून दाराला टेकून उभी होती. तिला बस असं कुणी म्हटलं नव्हतं आणि तीही बसली नव्हती. अण्णांचा मुलगा चष्म्याच्या दुकानात कामाला होता. त्याला निरोप गेला होता.

"सकाळपासून सांगा," बाई आत्याला म्हणाल्या.

"काय सांगू? मुलगा लवकर गेला. मग हा प्लंबर आला. अण्णा मला येऊन म्हणाले, पाण्याची परीक्षा चाललीय, तू स्वयंपाकघरातच बस आणि तिथला नळ कुणाला उघडू देऊ नकोस. मी स्टूल घेऊन नळासमोर बसले. लसूण सोलत होते. या बोटांनी एक पाकळी सोलायला युग लागतं. तिथून उठलेच नाही, हा ओरडेपर्यंत."

"कुणी आलं नाही?"

"चिटपाखरू नाही."

"आणि तुम्ही?" बाईंनी सुनेला विचारलं.

"मी गच्चीवर होते. कपडे धूत होते." आवाज इतका बारीक की बाईंना पुढे वाकावं लागलं.

"गच्चीवर नळ आहे?"

प्लंबरनं मध्येच तोंड घातलं. "तो वरच्या टाकीवरचा, मॅडम. त्याचा मीटरशी संबंध नाही. तिथं कितीही पाणी ओता, खालचा काटा हलायचा नाही."

"कसला काटा?" सुनेनं विचारलं.

तिला कुणी उत्तर दिलं नाही. आत्यानं तर मानही वळवली नाही. प्लंबर आपलंच घोडं पुढे दामटत म्हणाला, "मी सांगतो, भिंतीतला पाइप फुटलाय. दोन बादल्या गेल्यात. भिंत फोडावी लागणार."

भिंतीवर एका लहान मुलीचा फोटो होता. समोरचे दोन दात पडलेले, तरी तोंडभर हसणारी. बाईंची नजर तिथं थांबलेली पाहून आत्या म्हणाली, "बिट्टी. आमची नात. अंगणातल्या टाकीत पडून गेली. दोन वर्षं झाली. झाकण उघडं राहिलं होतं." शेवटचं वाक्य तिनं सुनेकडे बघत, सावकाश उच्चारलं.

सुनेनं डोळे फरशीवर लावले. त्या खोलीत हे वाक्य पुष्कळदा बोललं गेलेलं असावं. सगळ्यांना आपापल्या जागा पाठ होत्या.

बाई उठल्या. "चला, तुमची ती परीक्षा मला परत करून दाखवा. आत्ताच्या आत्ता."

"भिंत फोडल्यावर कळेलच की, मॅडम."

"आधी बघू, मग फोडू."

टाकीचा कॉक सकाळपासून बंदच होता. हवालदार अंगणात उभा राहिला, एक शिपाई स्वयंपाकघरात. कुणी कशाला हात लावत नव्हतं. बाई गुडघा सांभाळत मीटरच्या खळग्याशी बसल्या. तबकडीच्या मधोमध एक बारीक तांबडी चक्री होती. थेंब थेंब पाणी गेलं तरी ती फिरते, असं प्लंबरनंच सांगितलं होतं. दोघं तिच्याकडे टक लावून बघत राहिले. रस्त्यावरून एक हातगाडी खडखडत गेली. एक कुत्रं येऊन, वास घेऊन गेलं.

चक्री ढिम्म हलली नाही.

प्लंबरनं काच पुसली, टिचकी मारली, परत पाहिलं. "हे कसं काय?"

"पाइप फुटला असता तर तो आत्ताही फुटलेलाच असता ना?" बाई म्हणाल्या. "भिंतीला काही झालेलं नाही. पाणी गळलं नाही. पाणी कुणीतरी घेतलं."

३

"टाकीचा कॉक बंद असताना मीटरवर किती नळ उरतात?" बाईंनी विचारलं.

"दोनच. स्वयंपाकघरातला आणि हा अंगणातला."

स्वयंपाकघरातल्या नळासमोर आत्या ठाण मांडून बसली होती. उरला अंगणातला, अण्णांच्या दारापासून चार पावलांवर. नळाखालची फरशी उन्हानं वाळून गेली होती. हात लावण्याआधी बाईंनी प्लंबरकडे पाहिलं. तो कपाळाला आठ्या घालून नळाकडेच बघत होता.

"काय झालं?"

"कुणी पिळलाय हा असा?" त्यानं मूठ धरून जोर लावला तेव्हा कुठं ती हलली. मग त्यानं पान्यानं नळ उकलला आणि आतला वॉशर तळहातावर घेतला. कोरा काळा रबर मधोमध चिरला होता. "सकाळी घातला हो नवा! आधीचा झिजला होता, पहिलवानासारखं पिळावं लागायचं तेव्हा नळ बंद व्हायचा. आता दोन बोटांनी बंद होत होता. मी स्वतः दहादा उघडझाप करून बघितलं."

"नवा घातला ते कुणाला माहीत होतं?"

"अण्णांना. उभे होते शेजारी, उणंदुणं काढत."

बाई वॉशर बोटांत फिरवत जिन्याच्या पायरीवर टेकल्या. हवालदार जवळ आला. एवढी वर्षं बरोबर काढल्यावर त्याला कळत होतं की आता विचारलं तर उत्तर मिळेल.

"प्लंबरचा संशय येतोय का, बाई? मुडदा त्यालाच सापडला. आणि त्याच्या कपाळावर घाम किती आलाय बघा."

"घाम आहे खरा. काहीतरी पोटात ठेवलंय त्यानं. पण मला सांगा, त्यानंच वजन धुतलं असतं तर काटा हलला म्हणून स्वतःच बोंब ठोकली असती? खूण त्याची, मार्कर त्याचा. पुसून नवी रेघ मारली असती की झालं. आणि स्वतः घातलेला वॉशर कुणी असा चिरडत नाही."

"मग बाहेरचा कुणी?"

"बाहेरचा माणूस नळ हाताला लागेल तेवढाच बंद करतो. हा नळ जिवाच्या आकांतानं पिळायची सवय फक्त या घरातल्या हातांना. म्हणजे माणूस घरातला. पण नवा वॉशर घातलाय हे त्याला ठाऊक नव्हतं. आणि मुख्य म्हणजे आज मीटरवर पहारा आहे, हेही ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर हात धुवायला तो सरळ गच्चीवर गेला असता."

हवालदाराचे डोळे चमकले. "प्लंबर यायच्या आधी घराबाहेर पडलेला एकच."

"हं."

तेवढ्यात शिपाई आला. चष्म्याच्या दुकानात फोन लागला होता. मालक म्हणाला होता, माणूस सकाळी आला खरा, पण थोड्याच वेळात 'घरचं काम आहे' सांगून जो गेला तो जेवणाच्या सुट्टीपर्यंत उगवलाच नव्हता.

नेमक्या त्याच वेळेत अण्णांचा जीव गेला होता.

४

मुलगा आला तो सरळ जिन्याखालच्या खोलीत गेला. बापाकडे त्यानं एकदाच पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"दुकानातून कुठं गेला होतात?" बाईंनी विचारलं.

"कुठं नाही. दुकानातच होतो."

"मालक तसं म्हणत नाहीत."

त्याच्या शर्टाच्या खिशात काहीतरी जड होतं आणि त्याचा हात सारखा तिकडे जात होता. बाईंनी नुसता पंजा पुढे केला. त्यानं खिशातून एक किल्ली काढून त्यावर ठेवली. नवी, पिवळीधमक.

"खोली बघायला गेलो होतो," तो म्हणाला. "भाड्यानं. एकच खोली आहे, पण खिडकी मोठी आहे. घरमालकीणबाईंनी पंखा चालवून दाखवला, चहा केला, सोडतच नव्हत्या. आम्ही दोघं इथून निघणार होतो. बायकोलाही सांगितलं नव्हतं. म्हटलं, किल्ली हातात आल्यावरच सांगू. या घरात ती वाळत चाललीय हो. अण्णा दोन वर्षं तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत. तिच्या हातचं पाणी घेत नव्हते. आत्याही त्यांचीच री ओढते."

शिपाई घरमालकीणबाईंकडे जाऊन आला. तिनं सगळं सांगितलं, पंख्यासकट. मुलगा तिच्यासमोरून हलला नव्हता.

हवालदाराचं तोंड उतरलं. बाईंचं मात्र नाही. त्यांनी मुलाला पुढचा प्रश्न अगदी सहज विचारला, जणू हवापाण्याची चौकशी करावी तसा. "आज प्लंबर मीटर तपासणार हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"म्हणजे काय! मीच बोलावला त्याला. रात्रंदिवस बिलावरून चाललेली कटकट ऐकवत नव्हती. नळ बंद ठेवायचे हे त्यानं मला कालच सांगितलं होतं."

"बायकोला सांगितलंत?"

तो अडखळला. "सकाळी ती गच्चीवर होती, मला उशीर झालेला... आत्या सांगेल असं वाटलं."

बाई आत्याकडे वळल्या. "तुम्ही सांगितलंत सुनेला?"

"मी?" आत्याला प्रश्नच विचित्र वाटला. "ती स्वयंपाकघरात आली असती तर नळाला हात लावू दिला नसता. सांगायचं तर अण्णांनी सांगितलं असेल."

"अण्णा तिच्याशी बोलत होते?"

आत्यानं पदर पुन्हा डोळ्यांना लावला.

"आणि तुम्ही?" बाईंनी प्लंबरला विचारलं.

"अण्णा म्हणाले, घरात मी बघतो. मी वहिनींना कशाला सांगू?"

प्रत्येकाला वाटलं होतं की दुसऱ्यानं सांगितलं असेल. आणि दुपारी त्या एकटीनंच विचारलं होतं, कसला काटा? बाईंना तो बारीक आवाज आता स्पष्ट आठवला. नळ पिळायची सवय असलेली, वॉशरची नि मीटरची गंधवार्ता नसलेली व्यक्ती घराबाहेर गेलेली नव्हतीच. ती दिवसभर घरातच होती. तिला कुणी काही सांगत नव्हतं, एवढंच.

दाराशी सून नव्हती. ती कधी निघून गेली ते कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

बाई जिन्याकडे निघाल्या तोच प्लंबरनं त्यांची वाट अडवली.

"मॅडम, वर जाण्याआधी माझं ऐका. मी एक गोष्ट लपवली. आजची नाही. दोन वर्षांपूर्वीची."

५

तो जिन्याखालीच बोलला, भिंतीकडे तोंड करून.

"बिट्टी गेली त्या दिवशी दुपारी, घरात ते एकटेच असताना, अण्णांनी मला टाकीचं काम करायला बोलावलं होतं. तळाशी चीर होती. टाकी उपसून ती बुजवली. अण्णा म्हणाले, सिमेंटला वारा लागू दे, झाकण उघडंच असू दे, मी लावतो नंतर. मी गेलो. ते विसरले आणि झोपले. संध्याकाळी पाणी आलं, टाकी भरली, आणि पोर चेंडूमागं पळत..." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "दुसऱ्या दिवशी अण्णा माझ्या घरी आले. म्हणाले, तू काल आलाच नव्हतास. सकाळी सुनेनं टाकीतून बादलीभर पाणी काढलं होतं, तिच्याकडूनच झाकण राहिलं. मीही भ्यालो. उघडी टाकी मागं सोडून गेलो होतो ना. गप्प बसलो."

"आणि आज?"

"आज मी म्हटलं, पाणी नक्की टाकीतूनच जातंय, झाकण काढून बघू. अण्णा अंगावर आले. त्या दिवसापासून त्यांनी ते झाकण कुणाला उचलू दिलं नव्हतं. माझंही डोकं फिरलं. म्हटलं, अण्णा, त्या दिवशी झाकण तुम्हीच उघडं ठेवायला लावलंत, आता कशाला भिता? म्हणाले, तोंड सांभाळ, आधी घरातले नळ तपास. मग मी काचेवर रेघ मारली आणि दुसऱ्या कामाला गेलो."

"हे बोलणं कुठं झालं?"

"त्यांच्या खोलीत. दार उघडं होतं." त्यानं वर, जिन्याकडे पाहिलं. त्याला आता समजलं होतं. "देवा रे, वहिनी जिन्यात असतील!"

बाई एक एक पायरी चढत गच्चीवर गेल्या. सकाळचे कपडे कडक वाळून वाऱ्यावर फडफडत होते. त्यांच्या टोकाला एक निळा गाऊन मात्र अजून ओला होता. खालच्या काठातून थेंब गळत होते. तो इतरांच्या बऱ्याच नंतर दोरीवर आला होता.

सून कठड्याजवळ उभी होती. बाई जिन्याच्या तोंडाशीच थांबल्या.

"इकडे ये," त्या म्हणाल्या. "मी तुझ्याकडे पळत येऊ शकत नाही. माझा गुडघा बघ. ये, बस माझ्याजवळ."

का कोण जाणे, पण ती आली. दोघी पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसल्या.

"तुम्हाला कळलं," सून म्हणाली. तो प्रश्न नव्हता.

"कळलं. पण तुझ्या तोंडून ऐकायचंय."

तिनं दोरीवरच्या गाऊनकडे पाहिलं. मग एकदा सुरू झाल्यावर थांबली नाही.

"मी सकाळी टाकीतून पाणी काढलं होतं हे खरं आहे. मग झाकण लावलं की नाही, ते मला आठवत नव्हतं. दोन वर्षं, बाई. रोज डोळे मिटले की मी ते झाकण सरकवते. कधी लागतं, कधी लागत नाही. सगळे म्हणाले तू उघडं टाकलंस, मीही म्हटलं, टाकलं असेल. आईच तशी, तर पोर जगेल कशी? नवरा मला काही बोलला नाही, पण तुझी चूक नाही असंही म्हणाला नाही. आज रिकामी बादली घेऊन खाली उतरत होते. जिन्यात पाऊल तिथंच राहिलं. प्लंबर गेला आणि मी आत गेले. मारायला गेले नव्हते. बिट्टीची शपथ. मी फक्त विचारलं, अण्णा, झाकण तुम्ही उघडं ठेवलं होतं?"

"काय म्हणाले?"

"आधी तर माझ्याकडे पाठ केली. तेल लावत होते वजनांना. मग दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी बोलले. म्हणाले, झाकण कुणी का उघडं ठेवलं असेना, पोरीवर लक्ष ठेवणं आईचं काम होतं." तिनं स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "पाठ तशीच होती त्यांची. टेबलावर ते वजन होतं. एवढंच आठवतं. नंतर मी नळाखाली हात धुतले, वजन धुतलं, गाऊन बदलला, डाग जाईपर्यंत तो वर घासत बसले. त्याआधी वजन परत जागेवर ठेवलं. त्यांना हललेलं चालायचं नाही ना."

खाली अंगणात कुणीतरी हुंदके देऊन रडत होतं. तो तिचा नवरा होता.

"कठड्याशी कशाला गेली होतीस?" बाईंनी विचारलं.

"उडी मारायला. पण मग वाटलं, मी मेले तर झाकणाचं खरं कोण सांगणार?"

६

त्याच संध्याकाळी बाईंनी टाकीचं झाकण काढायला लावलं. बुजवलेली चीर पुन्हा उकलली होती आणि महिनोन् महिने पाणी तिच्यातून मुकाट्यानं जमिनीत जात होतं. अण्णांना हे कळायला झाकण उचलायचा अवकाश होता. आत डोकावण्यापेक्षा घरातल्या माणसांना रोज पाणीचोर म्हणणं त्यांना सोपं वाटलं असावं. आत्या खिडकीतून बघत होती. टाकीतला अंधार दिसताच तिनं खिडकी लावून घेतली.

खटला चालला. प्लंबरनं साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहून दोन्ही दिवसांचं सगळं सांगितलं आणि स्वतःच्या वाटची शिक्षा मान खाली घालून घेतली. सुनेनं एकही गोष्ट नाकारली नाही. तिच्या वकिलानं पुष्कळ सांगितलं, न्यायाधीशांनी ऐकूनही घेतलं, आणि तरी वर्षं पडायची तेवढी पडलीच. पाठमोऱ्या म्हाताऱ्याचं डोकं फोडलं होतं. बाईंनाही त्यात दुसरं काही दिसत नव्हतं.

मुलगा मोठ्या खिडकीच्या त्या खोलीत एकटाच राहायला गेला. दर भेटीच्या दिवशी तो तुरुंगात जातो आणि बायकोसमोर बसतो. पहिल्या भेटीत त्यानं काय म्हटलं ते हवालदारानं ऐकलं होतं. "मी तेव्हाच म्हणायला हवं होतं गं," एवढंच.

बाईंनी आणखी एक काम अंगावर घेतलं. ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, वरिष्ठांना तर ते रिकामटेकडं वाटलं. बिट्टीच्या मृत्यूची जुनी चौकशी त्यांनी पुन्हा उघडायला लावली. तेव्हा ठाण्यात दुसरे साहेब होते. आईचा निष्काळजीपणा, असं लिहून त्यांनी प्रकरण मिटवलं होतं. प्लंबरचा जबाब जोडला गेला, खेटे झाले, टोलवाटोलवी झाली आणि अखेर जुन्या नोंदीतली दुरुस्ती मंजूर झाली.

तो कागद घेऊन बाई तुरुंगात गेल्या. जाळीपलीकडे सून येऊन बसली. केस कापले होते. चेहरा शांत होता, पण शांतीची सवय नसलेल्या माणसाचा.

"वाचून दाखवू?" बाईंनी विचारलं.

तिनं होकारार्थी मान डोलावली.

सरकारी भाषा होती ती, कोरडी आणि लांबलचक. बाई वाचत गेल्या. शेवटाला ते वाक्य आलं: सदर घटनेच्या वेळी टाकीचे झाकण मृत बालिकेच्या आईने उघडे ठेवलेले नव्हते.

बाईंनी कागद मिटायला घेतला.

"बाई," सून जाळीला कपाळ टेकवून म्हणाली, "ती शेवटची ओळ परत एकदा वाचता?"

बाईंनी वाचली.

"परत."